डाव्या पायावर श्वास

आमच्या दादाला गाणं येत नाही, धड शिट्टी वाजवता येत नाही. घरात तर तो तोंडही फारसं उघडत नाही. पण एकदा जिन्यात शिरला आणि खांद्यावर सामान उचलायचा पट्टा चढला, की त्याचा आवाज असा लागतो की खाली टेम्पोत बसून मला ऐकू येतो. "हं... टाक. हं... टाक." हं म्हटलं की श्वास आत. टाक म्हटलं की उजवा पाय खालच्या पायरीवर आणि श्वास बाहेर, दोन्ही एकदम. मग डावा पाय त्याच्या शेजारी आणायचा आणि पुन्हा हं.

आम्ही घरसामान हलवणारी माणसं. दादा, त्याची मुलगी आणि मी. टेम्पो मी चालवते, आणि दुसऱ्या कुणाला त्याला हातसुद्धा लावू देत नाही. जड सामान ते दोघं उचलतात. दादा खालच्या बाजूला, पुढे तोंड करून, आणि वरच्या बाजूला त्याची मुलगी. तिला आम्ही भिंगरी म्हणतो. पाळण्यातून उतरली तेव्हापासून ती फिरतेच आहे. वहिनी वारली आणि मग रोज शाळा सुटली की पोरगी सरळ आमच्या टेम्पोत येऊन बसायची. पुढे हातांत जरा बळ आलं तशी तिने वरची बाजू धरली, ती धरलीच.

आता उजवाच पाय का, हे सांगायला हवं. फार पूर्वी एक फ्रीज दादाच्या उजव्या गुडघ्यावर आला होता. गुडघा बरा झाला, पण रागावलेला राहिला. जिना उतरताना दुखरा पाय आधी खाली टाकायचा, म्हणजे वाकायचं आणि वजन तोलायचं काम मागे राहिलेल्या चांगल्या पायाला. म्हणून दादाचा उजवा आधी. आणि दादाचा उजवा तर वरच्याचाही उजवाच, कारण दोघांचे पाय वेगवेगळे पडले तर मधलं कपाट डोलायला लागतं, आणि डोलणारं कपाट कुणाच्या बापाचं ऐकत नाही. भिंगरीने ते "हं, टाक" इतकं अंगात मुरवलं होतं की दोघं जिना उतरू लागले की पाय एकाच माणसाचे वाजावेत तसे वाजत.

तर अशा या पोरीला अग्निशमन दलात जायचं होतं. एकदा आम्ही सामान भरत होतो आणि समोरच्या इमारतीतून धूर यायला लागला. लाल गाडी आली, शिडी लागली, आणि त्या शिडीवरून एक बाई खांद्यावर एका म्हाताऱ्याला घेऊन उतरली. भिंगरी हातातली खुर्ची तशीच धरून बघत राहिली. मग मला म्हणाली, "आत्या, हे तर आपलंच काम आहे गं. फक्त यांचं सामान बोलतं."

भरतीत काय काय करावं लागतं ते तिने शोधून काढलं. पाण्याने भरलेला पाइप ओढायचा, शिडी चढायची, माणसाच्या वजनाचं पोतं उचलून न्यायचं. हे सगळं आमची पोरगी हसत करते. घोडं अडायचं ते धावण्यात. मैदानाच्या पाच फेऱ्या, ठरलेल्या वेळेच्या आत. चार फेऱ्या ती वाऱ्यासारखी पळायची, आणि पाचवीत, हमखास पाचवीत, उजव्या बरगडीखाली हात जायचा. सुई खुपसून कुणीतरी फिरवावी तशी कळ येते म्हणायची. वाकायची, थांबायची, आणि वेळ निघून जायची. भरतीत दोनदा असंच झालं. तिसऱ्या भरतीनंतर तिचं वय बसणार नव्हतं, म्हणजे ती शेवटची.

दुसऱ्या वेळी घरी आल्यावर ती मोरीत नळ सोडून बराच वेळ बसली. मी काय ते समजले. मला रडणारी माणसं सहन होत नाहीत, म्हणजे रडू द्यावंसं वाटतं आणि राग पण येतो. मी बाहेरून ओरडले, "पाणी काय फुकटचं आहे का?" आणि मग चहा टाकला.

माझं स्वतःचं मत असं होतं की पोरगी उपाशी पोटी धावते. म्हणून मी निघताना तिला लिंबू-साखरेचं पाणी द्यायचे. चांगला मोठा पेला, तळाशी साखर दिसेल असा. तो रिकामा झाल्याशिवाय उंबरा ओलांडू द्यायचे नाही. दादाचं मत काय होतं कुणास ठाऊक. विचारलं तर म्हणायचा, "बघू." त्याच्या त्या "बघू"चा मला फार राग यायचा. मला मनातून वाटायचं की याला ती कळ हवीच आहे. पोरगी गेली तर वरची बाजू कोण धरणार?

त्या वर्षी भरतीला थोडे आठवडे उरले असताना आम्हाला एका फिजिओथेरपीच्या दवाखान्याचं सामान हलवायचं काम आलं. दवाखाना तिसऱ्या मजल्यावर, जिना अरुंद, आणि सामान म्हणजे लांबलचक टेबलं, लोखंडी सायकली, आरसे. दवाखान्याच्या मॅडम स्वतः उभ्या राहून सगळं गुंडाळून देत होत्या. बाई मोठी समजूतदार. आरशाला कापड गुंडाळता गुंडाळता भिंगरीने त्यांना आपलं दुखणं सांगून टाकलं. लाजणं हा प्रकार तिला माहीतच नाही.

मॅडमनी तिला एका टेबलावर बसवलं. "कुठे दुखतं? दोन बोटांनी दाखव."

तिने उजव्या बरगडीची खालची कड दाखवली.

"ही कुशीतली कळ. पुष्कळ धावणाऱ्यांना येते. खरं सांगू? ती नेमकी का येते याचं पक्कं उत्तर अजून कुणाकडे नाही. छाती आणि पोटाच्या मध्ये एक पडदा असतो, श्वासाबरोबर खाली-वर होणारा. कुणी म्हणतं तो थकतो. कुणी म्हणतं पोटाच्या आतलं अस्तर घासून चुरचुरतं. पण कशाने वाढते ते बऱ्यापैकी माहीत आहे. पोट भरलेलं असलं, त्यात काही गोड डचमळत असलं, तर हमखास. धावायच्या आधी काय घेतेस?"

भिंगरीने माझ्याकडे पाहिलं. मी खिडकीबाहेर पाहिलं.

"लिंबू-साखरेचं पाणी," ती म्हणाली. "पेलाभर. आत्याचा पेला."

"केवढा असतो आत्याचा पेला?"

तिने हातांनी दाखवलं. मॅडम हसू दाबत होत्या, ते मला दिसलं. "मग काय उपाशी पाठवू पोरीला?" मी म्हणाले.

"उपाशी नको हो. दोन-तीन तास आधी खायला घाला. निघताना एखाद-दुसरा घोट साधं पाणी. आणि साखर ती परत आल्यावर." मग त्या भिंगरीकडे वळल्या. "धावताना पाठ कशी असते तुझी?"

"वाकलेली," हे मीच सांगितलं, कारण तिला तिची पाठ कशी दिसणार? "पाठीवर कपाट असल्यासारखी धावते."

"तेही सोडायचं. सरळ राहा. आणि कळ आलीच तर घाबरून थांबू नकोस. वेग कमी कर. दुखतं तिथे बोटं आत दाब आणि पोटातून लांब श्वास सोड. थांबावंच लागलं, तर उजवा हात डोक्यावर घेऊन डावीकडे झुक, म्हणजे ती बाजू ताणली जाते." आणि जाता जाता, आरशाची गाठ मारता मारता, त्यांनी आणखी एक विचारलं. "श्वास कुठल्या पायावर सोडतेस गं? काही जणांचा अनुभव असा आहे की श्वास कायम उजव्या पायावर सुटत असेल तर कळ उजव्या कुशीत येते. पाय बदलला की कमी होते. सिद्ध वगैरे झालेलं नाही हं. पण करून बघायला काही जात नाही."

भिंगरी विचारात पडली. "ते कोण बघतं? पळताना श्वास आपोआपच होतो की."

तेवढ्यात जिन्यातून आवाज आला. दादा एकटाच एक साधं स्टूल घेऊन उतरत होता, पण सवय ती सवय. "हं... टाक. हं... टाक."

"उजव्या," मी म्हणाले. "अगं बाई, उजव्या पायावर! दिवसभर!"

भिंगरी टेबलावरून खाली उतरली आणि तिथल्या तिथे दोन पावलं पळाल्यासारखी केली. मग थांबून माझ्याकडे बघत राहिली. "आत्या, खरंच की गं!"

त्या दिवसापासून माझा पेला बंद झाला. मला वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू? पाठही सरळ व्हायला लागली, कारण मैदानाच्या कडेला उभी राहून मी "कपाट उतरव!" म्हणून ओरडायचे. कळ उशिरा यायला लागली, कमी व्हायला लागली, पण पाचव्या फेरीत डोकं वर काढायचीच. पायाचं काही जमेना. सकाळी मैदानावर ती मारूनमुटकून श्वास डाव्या पायावर आणायची, आणि मग दिवसभर जिन्यात बापाच्या आवाजावर तो पुन्हा उजव्यावर जाऊन बसायचा. दुसऱ्या दिवशी परत पहिल्यापासून सुरुवात.

आणि मग व्हायचं ते झालं. एका घरातून आरशाचं दार असलेलं कपाट उतरवत होते. जुनं, भरीव लाकडाचं. मी खाली टेम्पोचं फळकूट उघडून उभी. वरून "हं... टाक" येत होतं, आणि मधेच एक वेगळाच आवाज आला. धप्प! मग दादाचा "ए ए ए!" मी तशीच वर धावले. वळणावर कपाट भिंतीला टेकलेलं, दादा त्याच्याखाली खांदा लावून दातओठ खात उभा, आणि वर भिंगरी पांढरीफटक. तिचा डावा पाय आधी पडला होता. मैदानावरचा डावा जिन्यात आला होता. आरसा वाचला तो केवळ दादाने आपला खांदा मधे घातला म्हणून.

कपाट उतरलं, पोचलं, मालकांनी चहासुद्धा दिला. संध्याकाळी भिंगरी म्हणाली, "बाबा, राहू द्या ते डाव्याबिव्याचं. कुणाचं तरी डोकं फुटेल. मी आपली आहे तशी धावते." आणि आत जाऊन भिंतीकडे तोंड करून पडली.

मग मात्र माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. दादा बाहेर पायरीवर बसून पट्ट्याची कडी घासत होता. मी त्याच्यासमोर जाऊन उभी राहिले.

"झालं तुझ्या मनासारखं?"

"काय झालं?"

"तुला ती जायलाच नको आहे. सरळ सांग ना एकदा."

त्याने कडी खाली ठेवली. "नकोच आहे," तो म्हणाला. "कुणाला हवं असेल? आगीत शिरायला जाणार आहे पोरगी. आणि मी इथे जिन्यात मागे वळून बघितलं तर वर कोण असणार? सांग तू."

इतक्या वर्षांत तो एका दमात एवढं कधी बोलला नव्हता. मी नुसती त्याच्या शेजारी बसले. थोड्या वेळाने त्याने कडी पुन्हा उचलली आणि घासायला लागला.

दुसऱ्या दिवशी उजाडताना मी दूध आणायला निघाले तर आमच्याच जिन्यात कुणीतरी पुटपुटतंय. वाकून बघितलं. दादा. दोन्ही हातांत पाण्याने भरलेले कॅन, आणि एकेक पायरी उतरतोय. "हं... टाक." पाय बघितला तर डावा. डावा खाली, आणि मागे राहिलेला उजवा गुडघा, तो रागावलेला, वाकतोय आणि सगळं वजन घेतोय. प्रत्येक पायरीला त्याचं तोंड वेडंवाकडं होत होतं. खाली पोचला, कॅन उचलून पुन्हा वर चढला, पुन्हा उतरायला लागला. मी दूध न आणता परत घरात आले आणि उगीचच भांडी आपटत बसले.

त्या दिवशी पहिल्या कामाला, जिन्याच्या तोंडाशी, पट्टा खांद्यावर घेताना तो वर न बघताच म्हणाला, "आजपासून डावा."

"बाबा, तुमचा गुडघा?" भिंगरी म्हणाली.

"गुडघा माझा आहे, मी बघतो. तू पाय बघ. हं..."

पहिले काही दिवस आमचे नाकी नऊ आले. मी मोठी कामं घेतलीच नाहीत, लोकांना काहीबाही कारणं सांगितली. हळूहळू बसायला लागलं. दोघांचे पाय पुन्हा एका माणसाचे वाजायला लागले, फक्त दुसऱ्या बाजूने. रात्री दादा गुडघ्याला गरम पाण्याची पिशवी लावून बसायचा आणि भिंगरी आत आली की पटकन चादरीखाली लपवायचा. तिला काय दिसत नव्हतं होय? पण दोघंही एकमेकांना न दिसल्यासारखं करायचे. अशी ही बाप-लेक!

भरतीच्या दिवशी तिने पहाटे खाल्लं, निघताना दोन घोट पाणी प्यायली, आणि मी पेल्याकडे बघितलंसुद्धा नाही. मैदानाला बाहेरून जाळीचं कुंपण आहे. आम्ही दोघं कुंपणाबाहेर उभे. पाइप, शिडी, पोतं, सगळं झालं. मग धावणं.

चार फेऱ्या छान गेल्या. पाठ सरळ, तोंड शांत. पाचवी सुरू झाली आणि लांबच्या वळणावर मी बघितलं, तिचा हात उजव्या कुशीकडे गेला. "गेलं," मी म्हणाले, "गेलं सगळं." मागच्या वेळी नेमकी इथेच ती वाकली होती.

ती वाकली नाही. वेग कमी केला, बोटं आत रुतवली, मान वर. पण पाय अडखळत होते, श्वास कुठेतरी भलतीकडेच चालला होता, ते मला इतक्या लांबून कळत होतं. मागून दोघीजणी तिच्या पुढे निघून गेल्या.

आणि माझ्या शेजारी तो आवाज लागला.

"हं... टाक! हं... टाक!"

दादा कुंपणाला धरून ओरडत होता. जिन्यातला आवाज, पण तिच्या पावलाच्या वेगाने. ती आमच्या बाजूला आली तसा तोही कुंपणाच्या बाहेरून तिच्याबरोबर निघाला, लंगडत, मग चक्क पळत, आणि प्रत्येक "टाक"ला स्वतःचा डावा पाय आपटत. लोक हसत होते. एकजण मला म्हणाला, "हे कोण हो?" मी म्हणाले, "माझा भाऊ आहे, काही म्हणणं आहे का तुमचं?"

भिंगरीने आमच्याकडे बघितलंसुद्धा नाही. पण तिचा डावा पाय पडला आणि त्याच क्षणी तिचे खांदे खाली आले. पुन्हा डावा, पुन्हा खांदे खाली. हात कुशीवरून सुटला. आता ती धावत नव्हती, जिना उतरत होती, बापाच्या मागे, मधे काहीतरी जड आणि नाजूक धरून. शेवटच्या सरळ पट्ट्यावर ती त्या दोघींना गाठून पुढे गेली.

वेळेच्या आत आली. अगदी काठावर, पण आत. भरतीच्या साहेबांनी तिचा क्रमांक पुकारून हात वर केला तेव्हा कुठे माझा जीव भांड्यात पडला. मी काय केलं असेन? रडले. भर मैदानात, नाक पुसत, मोठ्याने.

दादा मात्र दिसेना. बघते तर कुंपणाच्या टोकाला कमरेत वाकलेला, एक हात उजव्या कुशीवर. भिंगरी फाटकातून पळत बाहेर आली. "बाबा! काय होतंय?"

"काही नाही गं. इथे जरा सुई खुपसल्यासारखं..."

ती खो-खो हसायला लागली. हसता हसता तिने त्याचा उजवा हात धरून डोक्यावर नेला आणि त्याला डावीकडे झुकवलं. "पोटातून श्वास सोडा. लांब. हं... टाक." तो मुकाट्याने करत होता. दोघांचेही डोळे भरलेले होते आणि दोघंही एकमेकांना न दिसल्यासारखं करत होते.

पुढे मॅडम भेटल्या तेव्हा मी त्यांना सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, "कळ पायाने गेली, का वेग कमी केल्याने, का धीर आल्याने, छातीठोक सांगता येणार नाही हं." मी म्हणाले, "मला काय करायचंय? गेली ना!"

भिंगरी आता प्रशिक्षणाला गेली आहे. लांब आहे, सुट्टी मिळेल तेव्हा येते म्हणाली. निघताना मी तिला लिंबू-साखरेच्या पाण्याची बाटली दिली आणि सांगितलं, "पळून झाल्यावरच पी."

वरची बाजू आता मी धरते. फार जड कपाटं आम्ही घेत नाही. मला धाप लागते, मी वैतागते, दादाला चार शब्द सुनावते, तो ऐकून घेतो. परवा एका घरातून पुस्तकांची मांडणी उतरवत होतो. दुसऱ्या वळणावर दादा थांबला, मांडणी कठड्याला टेकवली आणि उजवा गुडघा चोळत उभा राहिला.

"दादा," मी म्हणाले, "ती गेली ना आता. ये की परत उजव्यावर. मला काय, कुठलाही पाय सारखाच. तुझा गुडघा तरी सुटेल."

त्याने कपाळावरचा घाम पुसला. "आणि ती सुट्टीत आली," तो म्हणाला, "हौसेने एखादं कपाट धरलं, तर? बापाचा पाय उजवा आणि तिचा डावा. पुन्हा चुकेल ना ती."

माझ्या तोंडावर आलं होतं, की अरे, सुट्टीत येणारी पोरगी कपाटं कशाला उचलेल? पण मी ते गिळलं. पट्टा खांद्यावर नीट केला आणि वरची कड धरली.

"चल," मी म्हणाले. "कर सुरू."

"हं," दादा म्हणाला, आणि मी डावा पाय उचलला.